आज्जीच्या खुब्याच्या ऑपरेशनला घरच्या पोरांचं ताजं रक्त द्यावं की रक्तपेढीतलं?

मंगळवारपेठकर
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितोय. आज्जी सकाळी न्हाणीत घसरून पडली आणि डावा खुबा मोडलाय, वय ७८, परवा ऑपरेशन धरलंय. हिमोग्लोबिन ९.६ आहे. डॉक्टर म्हणाले लाल पेशींच्या दोन पिशव्या क्रॉसमॅच करून, म्हणजे आज्जीच्या रक्ताशी जुळतात का बघून, राखून ठेवा, लागल्या तर देऊ नाहीतर नाही. इथपर्यंत ठीक होतं पण संध्याकाळी पैपाहुणे जमले आणि घरात निराळाच विषय सुरू झाला. मोठे काका म्हणतात रक्तपेढीतलं रक्त कुणाचं कुठलं काय माहीत, महिनाभर फ्रिजात पडलेलं असतंय, त्यापेक्षा घरात एवढी दांडगी पोरं आहेत तालमीत जाणारी, त्यांचंच ताजं काढून आज्जीला द्या. आज्जी बी पॉझिटिव्ह आणि नातवंडांतले बरेचजण बी पॉझिटिव्हच. पप्पांचंही तेच मत. मला हे पटत नाहीये पण काकांसमोर बोलायचं तर हातात काहीतरी पक्कं पाहिजे. घरच्यांचं रक्त खरंच जास्त सेफ असतं का, जुन्या रक्तात ताकद कमी असते का, आणि ते नॅट टेस्टेड म्हणतात ते काय असतं, त्याचे जादा पैसे द्यावेत का? अजून एक, चुलतभावानं दीडदोन महिन्यापूर्वी गोव्यात टॅटू काढलाय, त्याचं चालतं का?

पेठेतला_गडी
भावा टेन्शन घेऊ नको, आज्जी बरी होणार. मला विचारशील तर काकांचं बरोबर वाटतंय, आमच्या आत्याच्या बायपासला पण आम्ही पोरांनीच रक्त दिलं होतं आणि आत्या आज ठणठणीत आहे. घरच्या माणसाला काय आजार हाय काय व्यसन हाय आपल्याला म्हाईत असतंय की. डोनर कमी पडले तर सांग, मंडळातली पोरं रात्री दोनला पण उठून येतील.

रक्तपेढीवाली_ताई
मी रक्तपेढीत टेक्निशियन आहे म्हणून सविस्तर लिहिते, मोठं होईल पण काकांना वाचून दाखवता येईल. पेठेतल्या दादा, रात्री दोनला उठून येणारी पोरं आहेत म्हणूनच आमची कपाटं भरलेली असतात, त्याबद्दल शंकाच नाही. पण घरच्या माणसाची सगळी माहिती आपल्याला असते हे मात्र खरं नाही.

रक्त कुणाचंही असो, भावाचं किंवा परक्याचं, एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस हा गुप्तरोग आणि मलेरिया या पाच तपासण्या कायद्यानं होतातच. अडचण अशी की इन्फेक्शन झाल्यावर लगेच टेस्टमध्ये सापडत नाही, मध्ये काही दिवस जातात, त्याला विंडो पिरियड म्हणतात. साध्या एलायझा टेस्टला एचआयव्ही सापडायला साधारण तीन आठवडे लागू शकतात, कावीळ बी ला पाच सहा आठवडे, कावीळ सी ला तर दोन महिन्याच्या आसपास. नॅट टेस्ट थेट विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधते त्यामुळं एचआयव्हीचा हा काळ दहा दिवसांच्या आसपास येतो आणि कावीळ सी चा तर आठवड्याच्या आत. शून्य मात्र कधीच होत नाही. नॅट देशात सगळीकडे सक्तीची नाही, म्हणून जादा चार्ज लावतात. जमत असेल तर मी घ्या म्हणेन, पण नॅट नाही म्हणून ऑपरेशन थांबवू नका.

आता या उरलेल्या दिवसांत वाचवतं कोण तर डोनर स्वतः. फॉर्ममध्ये आम्ही खाजगी प्रश्न विचारतो, कावीळ झाली होती का, कुणाशी असुरक्षित संबंध आला का, सुई घेतली का. कॅम्पला स्वतःहून आलेला पोरगा शांतपणे "मॅडम या वेळी नको" म्हणून निघून जाऊ शकतो, त्याला कुणी विचारत नाही. पण आज्जी ऑपरेशनला, बाहेर बाकावर काका, आत्या, आई बसलेल्या, आणि सगळ्यांनी ठरवलंय की तूच रक्त द्यायचं, अशा वेळी तो पोरगा आत येऊन खरं सांगेल का? नाही सांगत. हे मी कॉटशेजारी उभी राहून बघते, नजर खाली घालून पटापट नाही नाही नाही असं टिक करतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना सुद्धा नियमित, स्वेच्छेनं, पैसे न घेता देणाऱ्याचं रक्त सगळ्यात सुरक्षित मानते, कारण त्याची तपासणी पूर्वीही झालेली असते आणि त्याला लपवायची गरज नसते.

टॅटूवाल्या भावाला १२ महिने रक्त देता येणार नाही. त्याला चारचौघांत बोलू नका, वजन किंवा हिमोग्लोबिनचं कारण सांगून बाजूला होऊ दे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं जे लोकांना माहीतच नसतं. जवळच्या नात्यातलं ताजं रक्त हे उलट जास्त धोक्याचं असू शकतं. रक्तात डोनरच्या जिवंत पांढऱ्या पेशी असतात. परक्याच्या असल्या तर पेशंटचं शरीर त्यांना ओळखून मारून टाकतं. पण मुलगा, नातू, भाऊ यांच्या पेशींची ठेवण पेशंटशी इतकी जुळू शकते की शरीराला त्या परक्या वाटतच नाहीत, घरचाच माणूस म्हणून दारात कुणी अडवत नाही तसं. मग त्या पेशी आत रुजतात आणि पेशंटच्याच कातडीवर, आतड्यावर, अस्थिमज्जेवर उलटतात. दहाबारा दिवसांनी ताप, अंगावर लाल पुरळ, जुलाब, आणि मग सगळ्या पेशी कमी होत जातात. हे फार क्वचित होतं हे आधीच सांगते, घाबरवायचं नाही मला, पण झालं तर दहातले नऊ पेशंट जातात, औषध नाही. जपानमध्ये पूर्वी हार्टच्या ऑपरेशनला नातेवाईकांचं ताजं रक्त द्यायची पद्धत होती आणि तिथंच अशा केसेस जास्त सापडल्या, नंतर त्यांनी रक्ताला किरण द्यायला सुरुवात केली, त्यानं या पांढऱ्या पेशी वाढू शकत नाहीत, तेव्हा त्या केसेस थांबल्या. म्हणून नियम आहे की रक्ताच्या नात्यातलं रक्त द्यायचंच असेल तर २५ ग्रे (हे किरणांचं माप) किरण देऊनच द्यायचं, आणि ते मशीन प्रत्येक गावातल्या रक्तपेढीत नसतं. आपल्या भागात तर मामाच्या पोरीशी लग्नं पिढ्यान् पिढ्या होत आलीत, त्यामुळं घराण्यात ठेवण जुळायची शक्यता अजून वाढते. हे काकांना जरूर सांगा.

गारगोटीचा_डॉक्टर
ताईंनी उत्तम लिहिलंय. मी भूलतज्ज्ञ आहे, जुन्या रक्ताचं आणि गरजेचं एवढंच सांगतो. लाल पेशी २ ते ६ डिग्रीला ठेवतात, पिशवीतल्या द्रावणाप्रमाणे ३५ किंवा ४२ दिवस. साठवलेल्या पेशींत काही बदल होतात हे खरं, ऑक्सिजन सोडायला मदत करणारा एक घटक कमी होतो, पण शरीरात गेल्यावर एकदोन दिवसांत तो परत भरून निघतो. ताजं चांगलं असेल असं आम्हा डॉक्टरांनाही वाटायचं म्हणून तर मोठे अभ्यास झाले. २०१५ मध्ये आलेल्या एका अभ्यासात आयसीयूतल्या २४०० वर पेशंटना चिठ्ठी टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं, एका गटाला सरासरी सहा दिवसांचं रक्त, दुसऱ्याला बावीस दिवसांचं. ९० दिवसांत मृत्यू ताज्या गटात ३७ टक्के, जुन्या गटात ३५.३ टक्के, म्हणजे ताज्याचा काही फायदा नाही. २०१६ चा त्याहून कितीतरी मोठा, वीस हजारांवर पेशंटचा अभ्यास, त्यातही तेच. युगांडात तीव्र रक्तक्षय झालेल्या लहान मुलांवर केलेला अभ्यास पण तसाच निघाला. तेव्हा मुदतीतलं रक्त हे चांगलंच रक्त, हा विषय संपला असं धरा.

दुसरं, आज्जींना रक्त लागेलच असं नाही. खुब्याच्या ऑपरेशनवरच २०११ चा एक अभ्यास आहे, वय ५० च्या वरचे एकूण २०१६ पेशंट, सरासरी वय ८० च्या पुढं, हार्टचा आजार किंवा त्याचा धोका असलेले. अर्ध्यांना हिमोग्लोबिन १० च्या खाली गेलं की रक्त दिलं, अर्ध्यांना ८ च्या खाली गेल्यावर किंवा त्रास दिसला तरच. साठ दिवसांनी बघितलं की माणूस जिवंत आहे का आणि कुणाच्या आधाराशिवाय खोलीत दहा फूट चालतो का. दोन्ही गट सारखे. आणि दुसऱ्या गटात निम्म्याहून जास्त लोकांना एकही पिशवी लागली नव्हती. म्हणजे ऑपरेशननंतर ८.५ आलं आणि आज्जी बोलतायत, छातीत दुखत नाही, धाप नाही, तर "अंगात ताकद यायला एक बाटली चढवा डॉक्टर" असा आग्रह धरू नका. हा आग्रह मला रोज होतो. उलट या वयात भराभर रक्त चढवलं तर हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी होतं, आणि रक्तामुळं होणाऱ्या त्रासात हे विंडो पिरियडच्या इन्फेक्शनपेक्षा कितीतरी जास्त वेळा दिसतं. ताज्या हार्ट अटॅकच्या पेशंटचा हिशोब वेगळा, तिथं आम्ही हात थोडा सैल सोडतो, म्हणजे रक्त जरा लवकर देतो, तेव्हा आज्जींना हार्टचा त्रास असेल तर भूल देणाऱ्यांना आधी सांगा.

मंगळवारपेठकर
ताई, डॉक्टर, खूप खूप आभार. काकांना आत्ताच मोठ्यानं वाचून दाखवलं, मामाच्या पोरीचा मुद्दा ऐकून जरा गप्प झाले कारण आमच्यात दोन पिढ्या तसंच झालंय. हार्टचा त्रास नाही, बीपीची गोळी आहे. पण त्यांनी एक विचारलंय, घरच्यांचं नको तर मग रक्तपेढीवाले बदली डोनर आणा असं का म्हणतात?

रक्तपेढीवाली_ताई
तुमच्या पोरांनी दिलेलं रक्त आज्जीला जात नाही, ते तपासून स्टॉकमध्ये जातं आणि कुणा दुसऱ्याच्या कामी येतं, आज्जीला आधीच तपासून ठेवलेलं मिळतं. पण बदलीची सक्ती बरोबर नाही, आणि डोनर आणला नाही म्हणून रक्त अडवणं तर अजिबात नाही. सक्ती केली की ज्यांच्याकडं कुणी नाही ते पैसे देऊन "पाहुणा" उभा करतात. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे ती याच भीतीनं, गरजेपोटी विकणारा माणूस आजार लपवतो. रक्ताची किंमत कुणी घ्यायची नाही, घेतात तो तपासणी आणि साठवणीचा चार्ज, त्याची पावती मागून घ्या.

पोरांना द्यायचंच असेल तर आज्जी घरी आल्यावर निवांत द्या, आणि मग दर तीनचार महिन्यांनी देत रहा. आपल्याकडं शिवजयंतीला आणि गणपतीत इतके कॅम्प होतात की रक्त ठेवायला जागा पुरत नाही आणि एप्रिल मे मध्ये कपाट रिकामं. प्लेटलेट तर पाचच दिवस टिकतात. २०१९ च्या पुरात कोल्हापूरजवळ शिरोलीला हायवे बंद झाला होता तेव्हाचं आठवा, अशा वेळी डोनर पोचूच शकत नाही, आधी देऊन ठेवलेलं असेल तेवढंच खरं. मंडळाच्या पोरांनी वर्गणीसारखी वर्षाची यादी करून महिने वाटून घेतले तर किती बरं होईल.

पेठेतला_गडी
ताई हे किरणाचं वगैरे खरंच म्हाईत नव्हतं. महिने वाटून घ्यायचं मंडळाच्या मीटिंगला ठेवतो, एप्रिल मे आमच्याकडं लागलं.

जुन्या_सिस्टर
रिटायर्ड स्टाफ नर्स आहे, वॉर्डातलं सांगते बाळा. पिशवी आणायला तुला पाठवलं तर थर्माकोलचा डबा घेऊन जा, गाडीच्या हँडलला कॅरीबॅगमध्ये अडकवून आणू नकोस आणि वाटेत चहाला थांबू नकोस. राखून ठेवलेली पिशवी लागेपर्यंत रक्तपेढीतच राहू दे, वॉर्डच्या किंवा घरच्या फ्रिजमध्ये ठेवायची नाही. गार आहे म्हणून गरम पाण्यात किंवा काखेत धरून कोमट करणारे नातेवाईक मी बघितलेत, तसलं काही करू देऊ नका, पेशी फुटतात.

रक्तातनं होणारे जीवघेणे घोळ बरेचदा लॅबमध्ये नाही तर कॉटपाशी होतात, एकाची पिशवी दुसऱ्याला. म्हणून लावायच्या आधी सिस्टर आज्जीचं पूर्ण नाव, नोंदणी नंबर, पिशवीचा नंबर, ग्रुप आणि मुदत मोठ्यानं वाचतायत का बघ, नसतील तर विनंती कर, कुणी रागवत नाही. एकाच आडनावाच्या दोन आज्ज्या एका वॉर्डात असतात आपल्याकडं. सुरुवातीची पंधरा मिनिटं कुणीतरी उशाशी बसा. थंडी वाजली, कंबर दुखली, छाती भरून आली, अंगाला खाज सुटली, काहीही वाटलं तर लगेच हाक मारायची आणि ड्रिप थांबवायला सांगायची. म्हातारी माणसं "कशाला पोरींना त्रास" म्हणून गप्प पडून राहतात, तेव्हा आज्जीला आधीच बजावून ठेव की असलं काही झालं तर सांगायचंच. पिशवी लावल्यापासून चार तासांच्या आत संपली पाहिजे, पण या वयात सावकाश, आणि एक झाल्यावर तपासून मगच दुसरी.