बंडखोरापेक्षा शेजारी महत्त्वाचे

परंपरेला आव्हान देणारं पात्र ठाम आणि धीट हवं, नाहीतर त्याचं वाळीत पडणं वाचकाला भिडत नाही, असं एक मत मांडलं जातं. मला ते पटत नाही. शर्ली जॅक्सन यांची १९४८ सालची 'द लॉटरी' ही कथा घ्या. त्यातल्या गावात दरवर्षी सोडत निघते, आणि जिच्या किंवा ज्याच्या वाट्याला ती येते, त्या माणसाला गावकरीच दगडांनी ठेचून मारतात. जिच्यावर ही सोडत येते, ती टेसी हचिन्सन बंडखोर मुळीच नाही. ती उशिरा येते, थट्टामस्करी करत गर्दीत मिसळते. सोडत आपल्या घरावर येईपर्यंत तिला त्या प्रथेत काही गैर दिसत नाही. तरी शेवट वाचवत नाही, कारण लेखिकेची नजर शेजाऱ्यांवर आहे. दुसऱ्या गावात ही प्रथा बंद करायचं चाललंय, हे बोलून दाखवणारा गावकरी ॲडम्सच दगड मारायच्या वेळी जमावाच्या पुढे असतो! टेसीच्या धाकट्या मुलाच्याही हातात कुणीतरी खडे देतं.

म्हणून लिहिणाऱ्यांना कळकळीनं सांगावंसं वाटतं, की बहिष्काराच्या फर्मानावर पानं खर्चू नका. कालपर्यंत बोलणारी मैत्रीण आज नजर का चुकवते, ते लिहा. भीतीनं, स्वार्थानं, की आपण सुटलो या भावनेनं? कथा तिथे आहे.

उर्सुला ले ग्विन यांनी ओमेलास या काल्पनिक शहरावरच्या १९७३च्या कथेत तर दिशाच उलटवली. कोंडलेल्या मुलाच्या यातनांवर उभं असलेलं सुख नाकारणाऱ्यांना तिथे कुणी हाकलत नाही, ते स्वतःच एकेकटे निघून जातात. ते मूल मात्र तिथेच राहतं, आणि म्हणून त्या निघून जाण्याला निव्वळ धैर्य म्हणायला माझं मन धजत नाही.