हिवाळ्यातही फ्रोझन मटार कशासाठी?

शेंगदार
बाजारात शेंगांचे ढीग लागलेत आणि तरी उसळीत पाकिटातला मटार पडतो, हे मला पटत नाही. जूनमध्ये घ्या की खुशाल, पण डिसेंबर ते फेब्रुवारी? शेंग नीट निवडली तर पाकीट चवीत तिच्या आसपासही येत नाही. रंग चकचकीत हिरवा, देठ ओला. दोन शेंगा एकमेकींवर घासल्या की करकरल्या पाहिजेत. पांढुरकी जाळी धरलेली, टम्म फुगलेली शेंग जून. एक दाणा सोलून चिमटीत दाबा. ओला लगदा झाला तर कोवळा. सुटून दोन डाळी झाल्या तर शिजल्यावर पिठूळ लागणार.

शीतकपाट
निवड बरोबर, गृहीतक चूक. तोडणी झाली की दाण्यातली साखर स्टार्चमध्ये बदलायला लागते, आणि उष्णतेत हे फार भरभर होतं. पुरंदरची शेंग पुण्यात तोडणीनंतर लगेच मिळते, पण ती पावसाळ्यातली. हिवाळ्यात आपल्याकडे येणारा बराच माल मध्य प्रदेशातला, जबलपूरकडचा. गोणीत दाबलेली शेंग स्वतःच्याच उष्णतेनं आतून गरम होते. कारखान्यात दाणे मिठाच्या पाण्यात सोडून निवडतात (कोवळे तरंगतात, जून बुडतात), उकळत्या पाण्यातून काढतात आणि गोठवतात. मग ताजं कोण?

आणि ‘प्रोसेस्ड’ म्हणून सगळ्यांना एका माळेत ओवू नका. साध्या फ्रोझन पाकिटावर घटक एकच लिहिलेला असतो: मटार. डबाबंद मटार निराळा. तो बंद डब्यात शंभर अंशांच्या वर तापवतात, म्हणून रंग शेवाळी आणि दाणा मऊ. वर मीठही असतं.

शेंगदार
कारखान्यापर्यंत मान्य. पुढे काय? दुकानाचा फ्रीझर रात्री बंद, मधेच वीज गेली, पाकिटात दाण्यांचा दगड. गोळा झालेलं पाकीट म्हणजे एकदा वितळून पुन्हा गोठलेलं. त्याची सालं चिवट होतात. दाणे पाकिटात सुटे खुळखुळले तरच घ्या.

हिशेबी
पैशाचं कोणी बोलेना. एक किलो शेंगांतून 400 ते 500 ग्रॅम दाणे निघतात. शेंगा 40 रुपये किलो असतील तर दाण्यांचा भाव 80 ते 100 पडतो, सोलायची मेहनत वेगळी. शेंगा 80 वर गेल्या की पाकिटाशी तुलना करा. भावनेवर उसळ शिजत नाही.

वाटण_घाट
भाव सारखा धरला तरी दोन्ही एकाच पद्धतीनं शिजवू नका, अर्धं भांडण तिथेच आहे. ताजे तीन वाट्या दाणे: हिंग-जिऱ्याच्या फोडणीत परतून अर्धी वाटी गरम पाणी, झाकणावर पाणी, मंद आचेवर आठ-दहा मिनिटं. मग ओलं खोबरं, मिरची, आलं, कोथिंबिरीचं वाटण. आंबट घालायचं तर दाणे शिजल्यावर. आधी टोमॅटो पडला तर रंग मळकट होतो आणि साल मऊ पडत नाही. फ्रोझन आधीच वाफवलेला असतो. तो न वितळवता थेट शेवटी, चार मिनिटं, पाणी जवळपास नकोच. लोक त्यालाही अर्धी वाटी पाणी घालतात आणि रस्सा पांचट झाला म्हणून पाकिटाला शिव्या देतात.

शेंगदार
मग हंगामात घरीच साठवा ना! एक किलो दाण्यांना चार लिटर खळखळतं पाणी, दीड-दोन मिनिटं. लगेच तेवढाच वेळ बर्फाच्या पाण्यात. कापडावर पूर्ण कोरडे करून ताटात एकाच थरात गोठवायचे, मग पिशवीत. न उकळता गोठवले तर दाण्यातली एन्झाइमं चालूच राहतात आणि काही आठवड्यांत गवतासारखा वास येतो. सोडा घालू नका: रंग टिकतो, पण दाणा गिळगिळीत होतो.

शीतकपाट
म्हणजे फ्रोझनच, फक्त घरचा! शिवाय एकदारी फ्रिजचा बर्फाचा कप्पा बहुधा उणे 18 ला पोचतच नाही. गोठण्याची गती कमी, बर्फाचे कण मोठे, दाण्याच्या पेशी फुटतात.

हिशेबी
दोघांनीही न सांगितलेला तिसरा प्रकार: हातगाडीवरचे सोललेले, भडक हिरवे दाणे. त्यात सुका वाटाणा भिजवून रंगवलेलाही असतो. मूठभर दाणे काचेच्या ग्लासात साध्या पाण्यात अर्धा तास ठेवा. पाणी हिरवं झालं तर टाकून द्या, आणि त्या गाडीवर पुन्हा जाऊ नका.