चिनी डायस्पोराच्या कादंबऱ्या : आई, डंपलिंग आणि उंटावरचे शहाणे

पाऊसवेडी

परवा 'सध्या काय वाचताय' या धाग्यावर उंटावरचा_शहाणा यांनी एक पिंक टाकली : "चिनी डायस्पोराची (म्हणजे चीनबाहेर वसलेल्या चिन्यांची) एक कादंबरी वाचली की सगळ्या वाचल्या. आजीचं जेडचं कांकण, एक चिनी म्हण, टोपलीभर डंपलिंग, आणि शेवटच्या प्रकरणात अमेरिकन मुलीला आई कळते. गोऱ्यांच्या बुक क्लबसाठी शिजवलेला माल." त्यावर धडाधड अंगठे पडले. मी दोन ओळींत उत्तर द्यायला बसले, ते एवढं लांबलं की वेगळा धागा काढतेय.

पहिलं म्हणजे तुम्ही वर्णन करताय ते ॲमी टॅनच्या 'द जॉय लक क्लब' या कादंबरीचं. तेही अर्धंमुर्धं. ते पुस्तक १९८९चं आहे. त्यावरून आजच्या लेखकांना मोजणं म्हणजे ट्रंक कॉलच्या आठवणीवरून आजच्या फोनला नावं ठेवणं.

दुसरं, हा आक्षेप तुमचा नाहीच. चिनी-अमेरिकन नाटककार फ्रँक चिन यांनी १९९१ मध्ये तो तुमच्या दसपट रागाने घेतला होता, टॅनवरही आणि लेखिका मॅक्सीन हाँग किंग्स्टनवरही. किंग्स्टननी 'द वुमन वॉरियर'मध्ये (१९७६) मुलान या चिनी दंतकथेतल्या योद्धा मुलीच्या पाठीवर आईबाप शब्द कोरतात असं दाखवलं. तो प्रसंग मूळचा युए फेई या सेनापतीच्या कथेतला. म्हणजे ताराराणीच्या तोंडी 'मेरी झाँसी नहीं दूँगी' घालण्यासारखं. चिन यांचा संताप समजू शकतो. पण किंग्स्टनचं म्हणणं असं की समुद्र ओलांडताना गोष्टी बदलतातच. तिच्या निवेदिकेला आईने गोष्ट जशी सांगितली तशी ती सांगते. आपल्या आज्या रामायण सांगायच्या ते वाल्मीकींना दाखवून घेत होत्या का?

तिसरं. लेखिका यियुन ली. जन्म बीजिंग १९७२, १९९६ मध्ये अमेरिकेत आली ती इम्युनॉलॉजी शिकायला. 'द व्हॅग्रंट्स' मध्ये १९७९ सालचं एक लहान शहर आहे, एका तरुणीला प्रतिक्रांतिकारक ठरवून मृत्युदंड देतात, आणि पुस्तक सुरू होतं तिच्या म्हाताऱ्या आईबापांच्या सकाळपासून. ती सकाळ वाचल्यावर मी दोन दिवस पुस्तकाला हात लावला नव्हता. मॅडलिन थिएन व्हँकुव्हरची, तिच्या कादंबरीत शांघायच्या संगीत विद्यालयातले लोक सांस्कृतिक क्रांतीत कसे मोडले ते आहे. चार्ल्स यूची 'इंटिरिअर चायनाटाउन' (२०२०, नॅशनल बुक अवॉर्ड) तर सबंध पटकथेच्या साच्यात आहे आणि तुमच्याच मुद्द्याची खिल्ली उडवते : नायकाला सिनेमात कायम 'कुणीतरी एशियन माणूस' हीच भूमिका मिळते. विज्ञानकथाकार टेड चियांगच्या कथेत परग्रहवासी येतात. डंपलिंग न घेता.

उंटावरचा_शहाणा

चार ओळींना एवढं उत्तर? उपकृत झालो.

यियुन लीचं नाव तुम्हीच काढलंत ते बरं झालं. या बाईंनी वर्षानुवर्षं आपल्या पुस्तकांची चिनी भाषांतरं होऊ दिली नाहीत. म्हणजे घरचं धुणं परक्याच्या अंगणात वाळत घालायचं, आणि घरच्यांना तिकडे फिरकायची बंदी. मग माल कोणासाठी हो ताई?

आणि लेखक हा जिन (नावच 'हा'). त्याच्या 'वेटिंग'ला १९९९चं नॅशनल बुक अवॉर्ड. लष्करी डॉक्टर गावाकडच्या बायकोला घटस्फोट द्यायला अठरा वर्षं थांबतो. पण त्या बायकोची पावलं बांधलेली (मुलींची पावलं लहान राहावीत म्हणून घट्ट बांधायची जुनी चिनी चाल)! गोष्ट साठच्या दशकापासूनची, बाई तरुण. चीनमध्ये यावरून टीका झाली ती काय उगाच? गोऱ्या वाचकाला बांधलेली पावलं दिसली की चीन पाहिल्यासारखं वाटतं. आपल्याकडच्या इंग्रजी कादंबरीत मोर आणि आंबा असतो तसं.

पाऊसवेडी

पावलांचा मुद्दा मान्य. मलाही तिथे खटकलं होतं. पण हा जिन स्वतः चिनी सैन्यात होता, १९८५ मध्ये शिकायला गेला आणि १९८९च्या तिआनमेन चौकातल्या गोळीबारानंतर परतला नाही. ज्या भाषेत छापून येईल याची खात्री नाही, त्या भाषेत त्याने कोणासाठी लिहायचं? पेटीसाठी?

आणि ली यांनी स्वतः लिहिलंय की चिनी सोडणं हे इतकं खाजगी आहे की त्याला राजकीय अर्थ चिकटवू नका. तुम्ही नेमका चिकटवलात.

मुक्काम_एडिसन

एरवी फक्त वाचतो, पण इथे राहवलं नाही.

केन लिऊची 'द पेपर मेनाजरी' ही कथा वाचलीय का कोणी? उंटरावांच्या हिशोबाने ती बादच, कारण त्यात आई आहे. कॅटलॉगमधून निवडून आणलेली चिनी बायको, मुलाला कागदाचे वाघ करून देते. मुलगा मोठा होतो, आईची लाज वाटते, तिच्याशी बोलणं तोडतो. ती गेल्यावर वाघाच्या घडीत तिचं पत्र सापडतं. चिनीत. त्याला वाचता येत नाही. एका अनोळखी पर्यटक मुलीकडून वाचून घेतो.

माझे वडील साताऱ्याहून पत्रं पाठवायचे. ते गेल्यावर लेकीने एक पत्र फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरलं. "आंबे उतरवले" याचं फोनने आंब्याचं विमान उतरल्यासारखं काहीतरी केलं. ती हसली, मीही हसलो. मग गॅरेजमध्ये जाऊन बसलो. तेव्हा कोणाच्या बुक क्लबसाठी काय शिजवलंय हे मला सांगू नका.

जुना_जाणता

लेकीला मराठी शिकवायला कोणी हात धरले होते? शनिवारी सॉकर, रविवारी पियानो, आणि मग गॅरेजात अश्रू. डायस्पोराचं सगळं साहित्य याच अपराधी भावनेवर चालतं, चिनी असो की आपलं.

इथे किरण नगरकरांचं उदाहरण द्यायलाच हवं. १९७४ मध्ये 'सात सक्कं त्रेचाळीस' देणारा माणूस. पुढे इंग्रजीत गेला आणि मराठी गेलं ते गेलंच.

मुक्काम_एडिसन

काका, रविवारची मराठी शाळा मी सात वर्षं चालवली. तळघरात, स्वतःच्या खर्चाने. लेक 'ळ' तुमच्यापेक्षा चांगला म्हणते. वाचता येत नाही, एवढंच. तुमचे नातू कुठल्या माध्यमात आहेत?

जुना_जाणता

वैयक्तिक होऊ नका.

पाऊसवेडी

सुरुवात कोणी केली?! आणि नगरकर "गेले" म्हणे. मराठीने त्यांना घालवलं. इंग्रजीत लिहिलं म्हणून इथे काय काय ऐकवलं गेलं ते आठवा. मग 'ककोल्ड'ला साहित्य अकादमी मिळाल्यावर आपला माणूस.

चकली_मोडली

अवांतर. डंपलिंगवरून आठवलं म्हणून.

मी एका चिनी-अमेरिकन कादंबरीचं मराठी केलं होतं. पुस्तकाचं आणि प्रकाशकाचं नाव सांगत नाही, मानधनाचा आकडा तर लाजेखातर सांगत नाही. त्यात नववर्षाच्या आदल्या रात्री सगळं घर बसून च्याओझ (डंपलिंगच) करतं. एकात नाणं लपवतात, ज्याला मिळेल त्याचं वर्ष चांगलं. सारण डुकराच्या खिम्याचं. मी सरळ 'च्याओझ' लिहिलं होतं. संपादक म्हणाले, वाचक अडखळेल, 'मोदक' करा. मी नाही म्हटलं. छापून आलं तेव्हा मोदक. मुद्रितशोधकाला डुकराचे मोदक बघवले नसावेत, त्याने खिमा काढून नुसतं 'सारण' ठेवलं. वाचकाचं पत्र आलं : चिनी लोकही गणपती मानतात का?

लिंबूटिंबू

हसून हसून मेले 😂

उंटावरचा_शहाणा

पण आकार करंजीचा असतो ना त्याचा? मोदक कुठून आला?

चकली_मोडली

अहो तेच तर! अर्धगोल, कडा दाबलेली, पाण्यात उकळलेली. उकडलेली करंजी म्हटलं असतं तरी चाललं असतं.

जुना_जाणता

दिंडं. नागपंचमीची. उकडतात, सारण असतं. मराठीत शब्द आहे, पण माहीत हवा.

चकली_मोडली

दिंडं चौकोनी घडीची आणि पुरणाची असतात. नाही चालणार.

शेन्झेन_रिटर्न

दोष मोदकाचा नाही, इंग्रजीचा आहे. च्याओझ, वाफवलेला पाओझ, सूपमधला वाँटन, गोड थांगयुआन, सगळ्यांना एकच शब्द, डंपलिंग. जणू करंजी, कचोरी, मोदक, घावन सगळं 'पॅनकेक'. आपण मराठी वाचक चीनकडे बघतो ते या इंग्रजी चाळणीतून.

चार वर्षं चीनमध्ये शेन्झेनला कारखान्यात क्वालिटीचं काम केलं, त्यामुळे नावांचा छळ तर बघवत नाही. 'क्झिआओ', 'झँग', 'क्विन'! चिनी रोमन लिपी, पिनयिन, १९५८ची. त्यातला 'झेड-एच' म्हणजे झ नव्हे, जवळजवळ च. 'क्यू' म्हणजे छ. 'एक्स' म्हणजे श. आणि नुसता 'झेड' म्हणजे आपल्या चमच्यातला च! देवनागरीत लिहिता येत नाही, पण जिभेवर आहे. हे वरदान सोडून आपण इंग्रजांसारखं झी झी करत बसतो. जुने पेपरवाले चिनी पंतप्रधानांचं नाव 'चौ एन लाय' छापायचे ते आजच्या 'झोऊ'पेक्षा बरोबर होतं.

उंटावरचा_शहाणा

म्हणजे मी वर लिहिलेला हा जिन?

शेन्झेन_रिटर्न

हा चिन. आणि सेलेस्ट इंग या लेखिकेचं आडनाव रोमनमध्ये फक्त 'एन' आणि 'जी'. दक्षिण चिनी बोलींमध्ये ते थेट आपला ङ आहे. जन्मभर बाराखडीत बिनकामाचा बसलेला, त्याला शेवटी नोकरी लागली.

जुना_जाणता

ङ बिनकामाचा नाही. 'वाङ्मय' शब्द ऐकलाय का? की शेन्झेनमध्ये मिळत नव्हता?

शेन्झेन_रिटर्न

मिळत नव्हता, म्हणून परत आलो.

असो, मूळ मुद्द्यावर. तुम्ही सगळे डायस्पोरा म्हणजे अमेरिका धरून चाललाय. मलेशियात पिढ्यान्पिढ्या चिनी आहेत आणि चिनीतच लिहितात. तिथे राष्ट्रीय साहित्य म्हणजे मलय भाषेतलं, चिनीतलं ते एका गटाचं. ङ किम च्यू (यालाही ङ) जोहोरचा, १९६७चा, शिकायला तैवानला गेला, तिथेच शिकवतो. त्याच्या कथांत रबराचे मळे आणि पाऊस, आणि असे चिनी ज्यांना चीनही आपला म्हणत नाही आणि मलेशियाही. तो कुठल्या बुक क्लबसाठी लिहितो?

माझी कारखान्यातली सहकारी अमेरिकन चिन्यांना केळं म्हणायची. वरून पिवळं, आत पांढरं. पण मलेशियन चिन्याला काय म्हणायचं ते तिला सुचेना.

लिंबूटिंबू

भारतातल्या चिन्यांचं कोणी का बोलत नाही? आमची कोलकात्याची शेजारीण सांगायची, ६२च्या युद्धात तिच्या वर्गातली मुलगी एका रात्रीत घरासकट गायब. राजस्थानात देवळीच्या छावणीत नेलं होतं. त्यांच्यातल्या कोणी लिहिलंय का?

पाऊसवेडी

क्वाय-युन ली यांच्या कथा आहेत. जन्म कोलकात्याचा, आता कॅनडात. आणि आसामच्या माकुमच्या चिन्यांवर रीता चौधरींची 'माकाम', पण ती असमियात, आणि लेखिका चिनी नाही. म्हणजे माकुमची गोष्ट दुसऱ्यांनीच सांगितली. यावरून आर. एफ. क्वांगची 'यलोफेस' आठवली. मेलेल्या चिनी-अमेरिकन मैत्रिणीचं हस्तलिखित गोरी लेखिका ढापते.

उंटावरचा_शहाणा

क्वांग तीच ना, चीनमधल्या चंगदूला झालेल्या ह्युगोत (विज्ञानकथांच्या पुरस्कारात) जिचं 'बेबेल' कारण न सांगता अपात्र ठरवलं? म्हणजे चीनला नको आणि अमेरिकेत बेस्टसेलर. माझाच मुद्दा.

पाऊसवेडी

तुमचा?! चीनला नको ते गोऱ्यांसाठी, आणि चीनला हवं ते? ते प्रचारकी. मग डायस्पोराच्या माणसाने नेमकं काय लिहावं, ते एकदा तक्ता करून द्या.

उंटावरचा_शहाणा

बरं बाई. "सगळ्या" हा शब्द मागे घेतो. "बऱ्याच" ठेवतो. यियुन ली वाचतो एखादी. पण आजीने कांकण काढलं की पुस्तक बंद.

पाऊसवेडी

'द बुक ऑफ गूस' घ्या. फ्रान्समधलं खेडं, दोन फ्रेंच मुली, एकही चिनी माणूस नाही. आता म्हणाल, चिनी बाईने फ्रेंचांवर का लिहावं.

उंटावरचा_शहाणा

म्हणणारच होतो.

मुक्काम_एडिसन

लेकीला हा धागा वाचून दाखवला. ती विचारतेय, दिंडं म्हणजे काय.

जुना_जाणता

कृती पाठवतो. व्यनि करा.

लिंबूटिंबू

पण त्या मोदकाचं पुढे काय झालं? दुसऱ्या आवृत्तीत बदललं का?

चकली_मोडली

दुसरी आवृत्ती निघाली असती तर बदललं असतं.