ख्रिस्ती विश्वासणाऱ्याने फाशीची मागणी करावी का?

रंगावली (नवापूर):
एखाद्या लेकरावर अत्याचार झाला की आपल्याकडे मोर्चा निघतो, तहसीलदारांना निवेदन दिले जाते आणि त्यात "आरोपीला फाशी द्या" ही मागणी असतेच. अशा निवेदनांवर आता आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) वडीलधाऱ्यांच्याही सह्या असतात आणि रविवारच्या प्रार्थनेतही तीच मागणी ऐकू येते. त्या मायबापांचे दुःख मी जराही कमी लेखत नाही. तरीही ज्याच्या नावाने आपण प्रार्थना संपवतो त्या येशूलाच राज्यसत्तेने मृत्युदंड दिला होता, आणि व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला दगडमार करणे नियमशास्त्राला धरून असतानाही त्याने ते होऊ दिले नाही, याचा आपल्याला विसर पडतो कसा? काइनाने भावाचा खून केला तेव्हा देवाने त्याला परागंदा केले, पण कोणी त्याचा जीव घेऊ नये म्हणून त्याच्यावर खूणही केली. ख्रिस्ती माणसाने जन्मठेप जरूर मागावी, फाशी मागू नये, असे माझे ठाम मत आहे.

पांझरा (धुळे):
ताई, काइनाची खूण सांगितलीत, तर बायबलमधल्या त्याच उत्पत्ती पुस्तकाच्या नवव्या अध्यायात देवाने नोहाला सांगितलेलेही सांगायला हवे होते. माणूस देवाच्या प्रतिमेप्रमाणे घडलेला आहे, म्हणूनच त्याचे रक्त पाडणाऱ्याचे रक्त माणसाकडून पाडले जाईल, असे तिथे स्पष्ट आहे. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात प्रेषित पौल अधिकाऱ्याच्या हातातील तलवारीला देवाची सेवा म्हणतो. रोमी सुभेदार फेस्तासमोर उभा असतानाही, मरणदंडास योग्य असे काही मी केले असेल तर मरायला माझी ना नाही, असेच तो सांगतो. क्षमा व्यक्तीने करायची असते आणि न्याय शासनाने. मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन मुले १९९९ मध्ये ओडिशात जाळली गेली, तेव्हा त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. त्यामुळे खटला थांबला नाही आणि थांबायलाही नको होता.

सातपुडा (शहादा):
पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये कॅथलिक धर्मशिक्षणात बदल करून मृत्युदंड अस्वीकार्य ठरवला. आपल्याकडच्या बहुतेक मंडळ्या प्रोटेस्टंट असल्याने तो निर्णय त्यांना बंधनकारक नाही, पण त्यामागचा विचार, म्हणजे घोर गुन्ह्यानंतरही माणसाची प्रतिष्ठा संपत नाही, हा तपासून पाहावा.

रंगावली:
पांझरा दादा, त्याच स्टेन्स खटल्यातल्या मुख्य आरोपीची फाशी उच्च न्यायालयाने रद्द करून जन्मठेप दिली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जन्मठेपच कायम केली. न्याय झाला, तलवार लागली नाही. शिवाय तलवार धरणारा हात चुकतो. महाराष्ट्रातील एका खटल्यात भटक्या जमातीच्या सहा जणांना २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी सुनावली आणि २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले. आपल्या मंडळ्या भिल्ल, मावची, पावरा अशा गरीब घरांतून उभ्या राहिल्या आहेत. चांगला वकील न मिळाल्याने काय होते, हे आपल्या लोकांना नव्याने सांगायला नको.

पांझरा:
हा मुद्दा मला मान्य आहे, आणि म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या बच्चन सिंग निकालाने फाशी दुर्मिळातल्या दुर्मीळ गुन्ह्यांपुरती ठेवली. पण कसाबच्या गुन्ह्याबद्दल कोणाच्या मनात शंका होती? २०१२ मध्ये येरवड्यात त्याला फाशी झाली, तिथे चुकीच्या निकालाचा आधार तुम्हाला घेता येत नाही. तिथेही नकोच म्हणाल का?

रंगावली:
हो, तिथेही नकोच. येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराने, आपल्याला योग्य तीच शिक्षा झाली, असे स्वतः कबूल केले, हे तुम्ही म्हणालच. पण त्याचा पश्चात्ताप अगदी शेवटच्या घटकेला झाला. दुसऱ्या कोणाला त्यासाठी किती वर्षे लागतील हे न्यायाधीशाला कळत नाही, आणि म्हणून ती वर्षे कापून टाकण्याची मागणी मी मंडळीच्या प्रार्थनेत करू शकत नाही.