शब्दचर्चा : 'भूमिका घेणे', 'तटस्थ' आणि मुक्तस्रोत

प्रश्न

एका मुक्तस्रोत प्रकल्पाची, म्हणजे ज्याचा कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) कोणीही वाचू, बदलू, वाटू शकतो अशा सॉफ्टवेअर प्रकल्पाची, आचारसंहिता मराठीत आणतो आहे. त्यातल्या एका वाक्याचा आशय असा : राजकीय प्रश्नांवर प्रकल्प भूमिका घेत नाही, तो तटस्थ असतो. 'भूमिका घेणे' लिहिलं आणि तिथेच अडलो. नट भूमिका करतो, संघटना भूमिका मांडते, जुन्या ग्रंथांना लेखकाची भूमिका जोडलेली असते. 'पक्ष घेणे', 'बाजू घेणे', 'पवित्रा घेणे' यांतलं काही जास्त नेमकं आहे का? आणि 'तटस्थ' निर्धास्तपणे वापरावा का?

प्रतिसाद १

'पवित्रा' नको. तो आखाड्यातला शब्द आहे, प्रतिस्पर्धी समोर धरूनच येतो. 'पक्ष घेणे' आणि 'बाजू घेणे' यांना दोघांचं भांडण आधी लागतं. 'भूमिका' या शब्दात भूमी आहे, आपण कुठे उभे आहोत ते सांगणारी. कोणी विरोधात नसतानाही ती असू शकते. तोच शब्द ठेवा.

जाता जाता : 'स्रोत' असंच लिहा. 'स्त्रोत' सर्रास दिसतो, पण पहिल्या जोडाक्षरात 'त' नाही.

प्रतिसाद २

मग मूळ वाक्यच तपासायला हवं. 'मुक्त' हे मुच् धातूचं भूतकालवाचक रूप आहे : सोडवलेला. कोणीतरी बांधलेलं होतं आणि कोणीतरी सोडवलं, हे त्या शब्दातच आलं. 1983 मध्ये अमेरिकी प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू हा मुक्त संगणकप्रणालीचा प्रकल्प जाहीर केला, तेव्हाचा आग्रह हाच होता : प्रोग्राम वाचण्याचा, बदलण्याचा, वाटण्याचा हक्क वापरणाऱ्याला हवा. हे राजकीय नाही तर काय आहे?

1998 मध्ये क्रिस्टीन पीटरसन यांनी 'ओपन सोर्स' हा शब्द सुचवला. आधीचं नाव 'फ्री सॉफ्टवेअर', पण 'फ्री' म्हटलं की लोकांना फुकट वाटे, हे त्यामागचं एक कारण. मराठीला ती अडचण नव्हती, आपल्याकडे मुक्त वेगळं आणि फुकट वेगळं. तरी 'ओपन'साठी आपण 'खुला' न घेता 'मुक्त'च घेतला. खुला दरवाजा कोणी उघडला ते कळत नाही, 'मुक्त' मात्र बंधनाची आठवण ठेवतो. मला ही निवड फार आवडते.

प्रतिसाद ३

व्युत्पत्तीवरून धोरण ठरत नाही. 'मुक्त' म्हणणारा प्रत्येक प्रकल्प जगातल्या प्रत्येक वादावर बोलायला बांधला गेला, असं कसं म्हणता येईल? परवाना मुक्तस्रोत केव्हा म्हणायचा ते ठरवणाऱ्या व्याख्येतलं पाचवं कलम कोणत्याही व्यक्तीशी वा गटाशी भेदभाव करू देत नाही आणि सहावं कलम कोणत्याही कार्यक्षेत्राशी. सहाव्या कलमात उदाहरणं दिली आहेत व्यवसायाची आणि जनुकीय संशोधनाची. वापरणारा कोण आहे हे परवान्याने पाहायचं नाही, हा नियम आहे. 2019 मधल्या 'हिपोक्रॅटिक' परवान्याने मानवी हक्क मोडणाऱ्यांना वापराची मनाई केली, आणि त्याची अडचण नेमकी याच कलमांशी आली.

प्रश्नकर्ता

तिघांचेही आभार. मला वाटतं, सहाव्या कलमासाठी शब्द 'तटस्थ' नसून 'निःपक्षपाती' आहे. न्यायाधीश निःपक्षपाती असतो, तटस्थ नसतो, कारण निवाडा त्यालाच द्यायचा असतो. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. आणि स्रोताचा मूळ अर्थ प्रवाह. प्रवाहाने स्वतःला तटावरचा म्हणवून घेणं मला जड जातं.

पण तिसऱ्या प्रतिसादातली भीती खरी आहे. मार्च 2022 मध्ये 'नोड-आयपीसी' या पॅकेजच्या (इतर प्रोग्रामांत जोडायच्या तयार कोडच्या) कर्त्याने युक्रेनवरील हल्ल्याचा निषेध म्हणून त्यात असा कोड घातला की रशिया आणि बेलारूसमधल्या संगणकांवरच्या फायली पुसल्या जाव्यात. याला 'भूमिका घेणे' म्हणायला मी तयार नाही. ज्याने विश्वासाने पॅकेज बसवलं त्याच्या घरात शिरून केलेली ती मोडतोड आहे. याउलट 2019 मध्ये नोटपॅड प्लस प्लस या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रामच्या एका आवृत्तीला चीनमधल्या उइगुरांच्या स्वातंत्र्याची मागणी करणारं नाव दिलं गेलं. प्रोग्राम सगळ्यांसाठी तसाच चालला, कर्त्याने आपलं म्हणणं उघड सांगितलं आणि त्याचा रोषही सोसला. ही भूमिका. पटो वा न पटो.

ऑक्टोबर 2024 मध्ये लिनक्स कर्नलच्या (लिनक्स प्रणालीच्या गाभ्याच्या) मेंटेनरांच्या, म्हणजे त्याची देखभाल करणाऱ्यांच्या, यादीतून रशियाशी संबंधित काही नावं निघाली. 'लिनक्सने भूमिका घेतली' असं काहींनी म्हटलं. कारण दिलं गेलं ते नियमपालनाचं, म्हणजे रशियावरच्या निर्बंधांचं. तिथे क्रियापद 'पाळणे' हवं. कायदा पाळणं आणि भूमिका घेणं यांची सरमिसळ झाली की ज्यांची नावं निघाली त्यांच्यावर दुहेरी अन्याय होतो.

प्रतिसाद १

'राजकीय' शब्दाचंही बघा. 'इथे राजकारण आणू नका' म्हणताना आपल्या मनात बहुतेक वेळा गटबाजी, कुरघोडी असते. सॉफ्टवेअरवरच्या पेटंटांना वाट देणारा कायद्याचा मसुदा 2005 मध्ये युरोपीय संसदेने फेटाळला, त्याआधी मुक्तस्रोतवाले लोक वर्षानुवर्षं त्याविरुद्ध झगडत होते. ते राजकीय होतं, पण त्या अर्थाचं राजकारण नव्हतं. भाषांतरात 'राजकीय प्रश्न' मोघम ठेवलात तर वाचणारा दुसराच अर्थ घेईल.

प्रश्नकर्ता

बरोबर. आता शेवटची अडचण, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड : कर्ता. इंग्रजी 'वी' मराठीत आणताना 'आम्ही' की 'आपण' हे ठरवावंच लागतं. 2021 मध्ये स्टॉलमन फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या संचालक मंडळावर परतले, त्यावर डेबियन या लिनक्स प्रणालीच्या प्रकल्पाने सभासदांचं मतदान घेतलं. अनेक पर्यायांतून निवडला गेला तो असा की डेबियन या विषयावर जाहीर निवेदन देणार नाही. हे गप्प बसणंसुद्धा मोजून ठरवलेलं होतं, आणि ज्यांना बोलायचं होतं ते स्वतःच्या नावाने बोलू शकत होते. 'आपण' लिहिलं तर न विचारलेलाही त्यात ओढला जातो. म्हणून 'आम्ही', तेही सभासदांना विचारून झाल्यावरच.

मसुदा असा केला आहे :

'वापरणाऱ्यांशी प्रकल्प निःपक्षपाती राहील. परवाना, सहभागींची सुरक्षितता आणि संगणक वापरण्याचं स्वातंत्र्य यांवर आम्ही भूमिका घेऊ. इतर सार्वजनिक प्रश्नांवर सहभागींनी आपापल्या नावाने बोलावं. कोणतीही भूमिका कोडमधून वापरणाऱ्यावर लादली जाणार नाही.'

'लादली' ऐवजी 'चालवली' असं एकाने सुचवलं आहे. मला 'लादली'च हवं.