सल्ला हवाय: जुनी मैत्री, नवी जवळीक आणि मग अबोला. साठीनंतर नेमकं कोणाकडे जावं?

आडवे_उभे
नमस्कार मंडळी. इथे सात-आठ वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ६७. यजमान जाऊन सहा वर्षं झाली. बावीस वर्षं शेजारच्या टेबलावर काम केलेले एक स्नेही आहेत, वय ७१, तेही एकटेच. गेली दोन वर्षं रोज सकाळी फोनवर आम्ही एकच शब्दकोडं सोडवायचो. आडवे शब्द माझे, उभे त्यांचे. आयुष्यभर एकमेकांना अहो-जाहो.

दोन महिन्यांपूर्वी गोष्ट मैत्रीच्या पुढे गेली. दोघांच्या मर्जीने. त्या दिवशी त्यांनी मला 'तू' म्हटलं. चार दिवसांनी फोनवर पुन्हा 'तुम्ही'. आता फोन आठवड्यातून एकदा येतो, हवापाण्याचं बोलून तीन मिनिटांत बंद. शब्दकोड्याचं नाव नाही. मी आडवे शब्द भरते आणि कागद घडी घालून ठेवून देते.

मला पश्चात्ताप नाही. (हे वाक्य लिहायला तीन दिवस लागले.) पण झोप उडाली आहे. मैत्री होती ती गेली, आणि दुसरं जे काही होतं त्याला तर नावही नाही. मुलगा-सून सोबत राहतात, त्यांना सांगणं शक्य नाही.

समुपदेशक, मानसोपचारतज्ज्ञ की सेक्सॉलॉजिस्ट? एकटीने जायचं की दोघांनी? समोर तिशीतली मुलगी बसली असेल तर ती मनातल्या मनात हसेल का? कोणी गेलं असेल तर सांगा. 'या वयात'ने सुरू होणारे प्रतिसाद कृपया नकोत.

रोखठोक_नाना
या वयात हे सगळं कशाला, असं मी म्हणणार नाही, पण नातवंडांत मन रमवावं असं वाटतं. राग नसावा.

चिमटा
नाना, म्हणणार नाही म्हणत म्हटलंतच की. हलके घ्या.

काठावरचा
मी लिहितो, कारण मी यातला पळालेला माणूस होतो. वय ७३.

बायको गेल्यावर चार वर्षांनी एका मैत्रिणीशी जवळीक झाली. नंतर तिचा फोन वाजला की मी नुसता बघत बसायचो, तो वाजायचा थांबेपर्यंत. तिला वाटलं, मला तिचा कंटाळा आला. प्रत्यक्षात दुसऱ्या भेटीत शरीराने साथ दिली नव्हती आणि मी तोंड लपवून बसलो होतो. शिवाय त्या रात्री घरी येऊन कपाट उघडलं, तर बायकोची शाल जिथल्या तिथे. चोरी करून आल्यासारखं वाटलं. यातलं एकही वाक्य मी त्या बाईंना सांगितलं नाही. पाच महिने!

समुपदेशकाकडे मी आपणहून गेलो नाही. रक्तदाबाच्या डॉक्टरांनी सहज विचारलं, तेव्हा बांध फुटला. त्यांनी आधी हृदयाच्या तपासण्या करून घेतल्या. लिंगाला ताठरता न येणं ही कधी कधी हृदयविकाराची आगाऊ सूचना असते, हे मला तेव्हा कळलं. मग समुपदेशन, नऊ-दहा बैठका. शालीचं बोलण्यात पहिल्या चार गेल्या.

ताई, एक विनंती. माझ्यावरून त्यांचं मन वाचू नका. त्यांचं कारण वेगळं असू शकतं.

सांजवेळ
मी समुपदेशक आहे, ज्येष्ठांसोबतच काम करते. इथे कुणाला ग्राहक करायला आलेले नाही, व्यनि (खाजगी निरोप) करू नका. :)

ताई, आधी एकटीने जा. जोडप्यांचं समुपदेशन चांगलंच असतं. मानसशास्त्रज्ञ स्यू जॉनसन यांनी १९८०च्या दशकात विकसित केलेली भावनाकेंद्रित पद्धत अशा 'एक मागे लागतो, दुसरा आक्रसतो' या फेऱ्यावरच काम करते. पण तिथे बसायला दोघांनी आपण जोडी आहोत असं आधी मानावं लागतं. तुमचं ते अजून ठरलेलंच नाही. त्यांना ओढत नेलंत, तर खुर्चीत बसतील आणि तिथेही हवापाण्याचंच बोलतील.

तुमच्यासाठी मी 'इंटरपर्सनल थेरपी' म्हणजे आयपीटी करणारा माणूस शोधेन. ही क्लरमन आणि वाइसमन यांची पद्धत, नैराश्यासाठी तयार झालेली, साधारण १२ ते १६ बैठकांची. बालपणात फार खणत बसत नाही. चारच दारं: दुःख, नात्यातला तंटा, बदललेली भूमिका आणि एकटेपणा. सुरुवातीला तुमच्या आयुष्यातल्या माणसांची यादी होते, कोणाकडून काय मिळतं, काय हवं होतं. मग त्यातलं एखाद-दुसरं दार निवडायचं. तुमचं मला 'बदललेली भूमिका' वाटतं. सहकारी होता, मग स्नेही, आता काय? तू-तुम्हीचं तुम्ही लिहिलंत ना, तिथूनच सुरुवात होईल. तुम्हाला त्यांना काय सांगायचं आहे याची तिथे चक्क तालीम करून घेतात. ऐकायला पोरकट वाटतं, पण त्याचा उपयोग फार होतो.

दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, कशातच रस नाही, जगून काय करायचं असं मनात येतंय, यातलं काही असेल तर मात्र आधी मानसोपचारतज्ज्ञ. शेवटचं असेल तर आजच, धाग्याची वाट न पाहता.

सेक्सॉलॉजिस्ट लगेच नको. मानसशास्त्रज्ञ जॅक ॲनन यांनी १९७६ मध्ये एक उतरंड मांडली होती: आधी बोलायची मोकळीक, मग थोडी माहिती, मग नेमक्या सूचना, आणि अगदी शेवटी सखोल उपचार. बहुतेकांचं पहिल्या दोन पायऱ्यांतच भागतं. पुढे दोघांची इच्छा झालीच, तर मास्टर्स आणि जॉन्सन या लैंगिक संशोधकांचा १९७०चा स्पर्शाचा सराव अजूनही वापरात आहे. संभोग ठरवून बाजूला ठेवायचा आणि फक्त स्पर्शाकडे लक्ष द्यायचं. परीक्षा रद्द झाली की विद्यार्थी अभ्यासाला बसतो, तसं काहीसं.

तिशीतल्या मुलीबद्दल. फोनवरच विचारा: 'साठीपुढची किती माणसं तुमच्याकडे येतात? लैंगिक विषयावर बोलायला तुम्हाला अवघड वाटतं का?' उत्तर देताना चाचरली तर दुसरा नंबर लावा. वय बघू नका. माझ्यापेक्षा वयाने मोठे असलेले काही समुपदेशक या विषयावर आजही छताकडे बघतात.

आणि नाना, अमेरिकेत ५७ ते ८५ वयाच्या ३,००५ लोकांचं सर्वेक्षण २००७ साली प्रसिद्ध झालं. ७५ ते ८५ या गटातही चारातला एक जण लैंगिकदृष्ट्या सक्रिय होता. पण पन्नाशीनंतर डॉक्टरांशी यावर कधी बोललेत असं सांगणारे पुरुष ३८ टक्के, स्त्रिया २२. अडचण वयाची नाही, न बोलण्याची आहे.

रोखठोक_नाना
शब्द मागे.

गोळी_पाणी
औषधांच्या दुकानात हयात गेली, म्हणून थोडं. रक्तदाबाची काही औषधं (काही बीटा ब्लॉकर, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या) आणि नैराश्यावरच्या एसएसआरआय गोळ्या इच्छा किंवा क्षमता कमी करू शकतात. आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना सांगायचं, बदलून मिळतात. छातीत दुखण्यावर नायट्रेट घेणाऱ्याने सिल्डेनाफिल (ताठरतेसाठीची गोळी) कधीही घ्यायचं नाही, रक्तदाब धोकादायक पातळीला उतरतो. मित्राने दिली म्हणून गोळी घेणारे मी पाहिलेत, म्हणून ओरडून सांगतोय.

बायकांसाठी: पाळी गेल्यावरचा कोरडेपणा, जळजळ हे सोसायचं दुखणं नव्हे. वंगण असतं, स्थानिक (तिथेच लावायचं) इस्ट्रोजेन असतं, स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. आणि दिवस जायची भीती संपली तरी संसर्गाची संपत नाही. निरोध आणि तपासणी, दोन्ही.

दोन_खोल्यांत_सहा
मी ऑनलाइन बैठका घेतल्या. सासूबाईंच्या निधनानंतर सासऱ्यांसाठी ठरवल्या होत्या, नंतर मीच सुरू केल्या, असो. ताई, घरात जागा नसेल तर हेडफोन लावून बागेतला बाक. समुपदेशकाला आधीच सांगून ठेवा, 'मी विषय बदलला तर समजा कुणीतरी आलंय.' आमच्याकडे सांकेतिक शब्द 'वीजबिल' होता. फी मुलाच्या खात्यातून जाणार असेल तर पावतीवर काय लिहिलं जाईल तेही विचारा. आणि दोघांनी एकत्र जायची वेळ आली, तर एकाने एकट्यात सांगितलेलं दुसऱ्यापासून गुप्त राहतं का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. प्रत्येकाचा नियम वेगळा असतो.

आडवे_उभे
सगळ्यांचे आभार. काठावरचे, तुमचं शालीचं वाचून बराच वेळ बसून राहिले. माझ्याकडेही यजमानांचा चष्मा आहे, रोज पुसते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

सांजवेळ
ताई, एक विचारू? शब्दकोडं नेमकं कधी बंद पडलं? त्या दिवसानंतर, की आधीच?

आडवे_उभे
हा प्रश्न वाचून जुने कागद काढले. घडी घालून ठेवलेत म्हणाले होते ना. उभे शब्द त्या दिवसाच्याही तीन आठवडे आधीपासून रिकामे आहेत. 'आज तुम्हीच भरा' म्हणायचे. मी 'बरं' म्हणून पुढे जायचे. आता आठवतं, 'काय म्हणालात?' असं फार विचारायला लागले होते.

म्हणजे सगळंच त्या एका दिवसाच्या माथी मारत होते की काय मी?

सांजवेळ
कदाचित थोडं. कमी ऐकू येणं असेल, विसरणं असेल, मन खचलेलं असेल, किंवा यातलं काहीच नसेल. फोनवरून निदान करू नका. इथूनही नको. पण विचारायला हरकत नाही. 'आपल्यात काय झालं'पेक्षा 'हल्ली फोनवर त्रास होतो का' हा प्रश्न सोपा आहे.

आडवे_उभे
(तीन आठवड्यांनंतर)
ज्यांनी व्यनि करून विचारलं त्यांच्यासाठी. दोन बैठका झाल्या. बाई चौतिशीच्या आहेत, हसल्या नाहीत. माणसांची यादी करताना मी स्नेह्यांना कुठल्या रकान्यात लिहावं ते ठरेना, तर म्हणाल्या, 'रकान्याबाहेर लिहा, बघू नंतर.' रडू तिथे आलं नाही, रिक्षात आलं.

तालमीत ठरलेल्या तीन ओळी स्नेह्यांना पाठवल्या. पहिली शब्दकोड्याबद्दल, दुसरी ऐकण्याबद्दल, तिसरी माझी खाजगी. दोन दिवस काही नाही. काल उत्तर आलं. सुरुवात 'तुम्ही विचारलंत ते बरोबर आहे, डाव्या कानाने फोनवर काहीच कळत नाही, सांगायची लाज वाटत होती. सोमवारी तपासणी आहे.' मग तिसऱ्या ओळीबद्दल एवढंच, की 'त्यावर मला सावकाश बोलायचं आहे, फोनवर नको.' आणि शेवटी, 'काळजी घे.'

दोनदा वाचलं. चूक नव्हती, 'घे'च लिहिलं होतं.