घरच्या नियमातल्या 'मिस्टिक'ला मराठीत काय म्हणायचं?

रंकाळावेस
कोल्हापुरात राजारामपुरीत आमचा गट डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे एकेक पात्र घेऊन फाशांवर गोष्ट रंगवायचा खेळ. पात्रांची पानं मराठीत करतोय. विझार्डला 'मांत्रिक' केलं. अडलंय ते घरचा नियम म्हणून आम्हीच घातलेल्या मिस्टिक या पात्रापाशी. मी 'सिद्ध' लिहिलं, तर एक गडी म्हणतो, सिद्ध म्हणजे पोचलेला, मग पहिल्या लेव्हलचा सिद्ध कसा असेल? मांत्रिकाचं सोपं आहे, पहिल्या लेव्हलला दोन स्लॉट, म्हणजे दोनदा मंत्र टाकायची मुभा, खेळातली मोठी विश्रांती झाली की परत. सिद्धाला कसले स्लॉट? 'गूढवादी' म्हटलं तर सगळे हसले. शब्द सुचवा, आणि तोल कसा राखायचा तेही.

जुनी पोथी
'साधक' घ्या. पतंजलींनी सिद्धींना समाधीतले उपसर्ग म्हटलंय. इथं उपसर्ग म्हणजे विघ्न, व्याकरणातला नव्हे. नियम तयारच आहे: सिद्धी वापरली की साधना घटणार. चांगदेव वाघावर बसून, सापाचा चाबूक घेऊन आले, पण ज्ञानेश्वरांना पत्र लिहिताना मायना सुचेना म्हणून कोरा कागद धाडला. शक्ती वीस, साधना शून्य.

तांबडापांढरा
मग माउलींनी भिंत चालवली, त्यांची साधना किती घटली?

जुनी पोथी
पुन्हा चालवली का?

तांबडापांढरा
गरज पडली नसंल की.

पेठकर
शक्ती कमवायची कशाला? आमच्याकडं ती अंगात येते. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचायला लागल्या की आमच्या चुलत आजीच्या अंगात वारं यायचं. कधी यायचं ते तिच्या हातात नसायचं, आणि उतरल्यावर ती गळून पडायची. पात्राचंही तसंच करा. कधी येणार ते फासा ठरवील. मग ताकद मांत्रिकाच्या दुप्पट दिली तरी खेळ बिघडत नाही. नाव 'वारकरी' मात्र ठेवू नका, पंढरपूरला कळलं तर अवघड होईल.

निर्दोष
'वारं' बोलीतलं झालं, 'संचार' लिहा. लेव्हलला 'पातळी', स्लॉटला 'मंत्रावकाश'.

तांबडापांढरा
मंत्रावकाश म्हणंस्तवर ड्रॅगन गिळून मोकळा.

फासेवाला
तोलाचं म्हणाल तर १९७४च्या मूळ खेळात पुजाऱ्याला पहिल्या पातळीवर एकही मंत्र नव्हता. जादूगाराला एक होता. बदल्यात पुजाऱ्याला चांगलं चिलखत. आता पाचव्या आवृत्तीत दोघांनाही दोन-दोन, म्हणजे देव आणि पुस्तक एकाच मापात. त्यापेक्षा पेठकरांचा फासा बरा. आणि 'मांत्रिक'सुद्धा बदला. हा शब्द हल्ली पेपरात अटकेच्या बातमीतच दिसतो.

पेठकर
मग 'देवरुशी' करा.

निर्दोष
मूळ 'देवर्षी'. नारदाची पदवी आहे ती. असा अपभ्रंश छापील पानावर कशाला?

पेठकर
नारदाकडं लिंबू उतरवायला कोण गेलंय का? आमचा देवरुशी वेगळा.

रंकाळावेस
अहो, मिस्टिकचं काय झालं?

जुनी पोथी
थांबा जरा. देवरुशी आणि भगत एकच का? कोकणात भगत म्हणतात.

पेठकर
एक नव्हंत. भगत ठाण्याकडचा.